जुनी बंदूक आणि पिकाची राखण

कोकणातील व सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील पुष्कळ घरांत आजही एखादी जुनी बंदूक आढळते. कोठे ती ठासणीची असते, कोठे आजोबांनी घेतलेली बारा बोअरची दुनळी विलायती बंदूक असते, तर क्वचित एखाद्या जुन्या शिकाऱ्याच्या घरी रायफलही असते. भाताच्या लोंब्या दुधात भरू लागल्या की रानडुकरांचा उपद्रव सुरू होतो. एका रात्रीत कळप सबंध खाचर तुडवून टाकतो आणि मग घरातील त्या बंदुकीची आठवण होते. अशा वेळी शेतकऱ्याने दोन प्रश्न स्वतःस अवश्य विचारावेत. ही बंदूक आज कोणाच्या नावावर आहे? आणि तिची नळी आजचे काडतूस सोसू शकेल काय?

पहिला प्रश्न कायद्याचा आहे. १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. त्यानुसार परवाना व्यक्तीस मिळतो, घराण्यास नव्हे. सातबाऱ्यावर वारस लागला म्हणून बंदुकीवर तो आपोआप लागत नाही. परवानाधारक मृत्यू पावल्यास वारसांनी बंदूक विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी, पावती घ्यावी आणि नंतर वारस म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे परवान्यासाठी अर्ज करावा. पुष्कळ लोक ठाण्याची पायरी नको म्हणून बंदूक माळ्यावर गवतात दडवून ठेवतात आणि पुढे भाऊबंदकीचा वाद निघाला की तिची वर्दी बरोबर ठाण्यात पोहोचते! २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगण्यास किमान दोन व कमाल पाच वर्षांच्या कारावासाची व दंडाची शिक्षा आहे. उशीर झालाच असेल तर तो आणखी वाढवू नये. तथापि बंदूक खांद्यावर टाकून निघण्यापूर्वी ठाण्यास कळवावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने अशा कुटुंबास धीर देऊन स्वतः बरोबर जावे, हे अधिक चांगले.

परवाना ज्याच्या नावावर त्यानेच बंदूक वापरावी. रात्री राखणीस बसणाऱ्या गड्याच्या हाती ती सोपवून आपण घरी झोपणे हा गुन्हा होतो. परवान्याची मुदत आता पाच वर्षांची असते. ती संपण्याची वाट न पाहता नूतनीकरणाचा अर्ज करावा.

पीकसंरक्षणासाठी अधिनियमाने मुख्यतः ठासणीच्या बंदुकीची व ती अपुरी पडत असल्यास निदान वीस इंच लांबीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीची तरतूद केली आहे. यामागे सबळ कारण आहे. रायफलीच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. त्यामुळे गोळी फिरत, सरळ व फार लांब जाते. मोठ्या रायफलीची चुकलेली गोळी दोन किलोमीटरांपलीकडेही माणसाचा प्राण घेऊ शकते. बंदुकीच्या बारीक छऱ्यांचा जोर मात्र दोन-अडीचशे मीटरांत संपतो. जेथे प्रत्येक डगरीपलीकडे एक वाडी आहे, तेथे जुनी रायफल कितीही सुरेख असली तरी शेतराखणीस ती अयोग्यच, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता नळीविषयी. जुन्या विलायती बंदुकीच्या नळीवर कधी कधी पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसते. ही दमास्कस नळी होय. लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, गजाभोवती गुंडाळून व तापवून जोडून ती घडविलेली असते. ती काळ्या दारूच्या दाबासाठी केलेली आहे. आजच्या काडतुसातील बिनधुराच्या दारूचा दाब तिला सोसेलच असे नाही. शिवाय जोडांच्या आत शिरलेला गंज बाहेरून दिसत नाही. दुसरा धोका काडतुसाच्या लांबीचा. पुष्कळ जुन्या बंदुकींचे काडतुसाचे घर ६५ मिलिमीटरांचे असते व आजचे सर्वसाधारण काडतूस ७० मिलिमीटरांचे. ते घरात सहज बसते, आणि फसगत होते ती येथेच. बार उडताना काडतुसाचे दुमडलेले तोंड उलगडण्यास जागा पुरत नाही, दाब वाढतो आणि नळी फुटल्यास पुढला हात जातो.

बंदूक झाडास बांधून, दुरून दोरीने चाप ओढून परीक्षा करण्याची चाल काही ठिकाणी आहे. ती निरुपयोगी आहे. एक बार सोसलेली नळी दुसरा सोसेलच असे नव्हे. बंदूक परवानाधारक कारागिरास दाखवावी. नळीच्या तळावरील परीक्षणाचे शिक्के, आतील गंजाचे खड्डे, चेपलेली जागा व बिजागरीतील ढिलेपणा त्याने पाहावा. त्याने नकार दिला तर ती बंदूक पुन्हा कधीही उडवू नये.

ठासणीची बंदूक हाती आल्यास ती भरलेलीच आहे असे धरून चालावे. नळीचे तोंड अंगापासून दूर ठेवून गज आत सोडावा, तोंडाशी खूण करावी व तोच गज नळीच्या बाहेरून लावून पाहावा. खूण तोंडाशी जुळली असता गजाचे टोक तळापर्यंत पोहोचत नसेल तर आत जुना बार आहे असे समजून कारागिरास बोलवावे. एका बारावर दुसरा बार ठासला गेल्याने, किंवा गोळी दारूवर नीट न बसता मध्येच अडकल्याने नळ्या फुटतात. टोपी वाजली पण बार उडाला नाही, तर निदान एक मिनिट नळी सुरक्षित दिशेस धरून ठेवावी. काळ्या दारूची राख हवेतील ओल ओढून घेते. म्हणून त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल लावावे.

बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये मुख्य वन्यजीव रक्षकाची अथवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. आणि परवानगीने मारलेले रानडुक्करही शासनाची मालमत्ता ठरते, त्याचे वाटे घालता येत नाहीत. अभयारण्यापासून दहा किलोमीटरांच्या आत राहणाऱ्या परवानाधारकास वन खात्याकडे वेगळी नोंदणीही करावी लागते. नुकसान झाल्यास वन खात्यास लागलीच कळवून पंचनामा करून घ्यावा. भरपाई मिळते ती त्यावर.

रात्री सळसळीच्या रोखाने बार टाकून शेजारचाच राखणदार बळी पडल्याच्या घटना घडलेल्या आहेत. विजेरीच्या उजेडात जनावर संपूर्ण दिसल्याखेरीज, आणि त्याच्या मागे माती आहे याची खात्री झाल्याखेरीज चापास बोट लावू नये. लगतच्या शेतकऱ्यांनी कोण कोणत्या माचाणावर बसणार हे दिवेलागणीपूर्वीच ठरवून घ्यावे. वाटेवर दोरी लावून बंदूक रोखून ठेवण्याचा प्रकार तर कोणीही करू नये. पहाटे त्या वाटेने पहिले जाते ते गवताला निघालेले माणूस.

घरी आल्यावर बंदूक रिकामी करून कुलपात ठेवावी, काडतुसे दुसऱ्या कुलपात ठेवावीत, आणि दोन्ही किल्ल्या परवानाधारकाने स्वतःजवळ बाळगाव्यात.