‘कोयता’ ते ‘ऊसतोड कामगार’ : बीड जिल्ह्यातील एका ओळखीचे स्थित्यंतर

श्रमिक समूहाची ओळख पुष्कळदा त्याच्या अवयवावरून वा अवजारावरून ठरते. १९४२ ते १९६४ या काळात अमेरिकेने शेतीकामासाठी मेक्सिकोतून करारावर आणलेल्या मजुरांना ‘ब्रासेरो’ म्हटले जाई; स्पॅनिश भाषेत ‘ब्रासो’ म्हणजे बाहू. बीड जिल्ह्यातील ऊस तोडणाऱ्यांना ‘कोयता’ म्हणतात.

बालाघाटच्या परिसरातील धारूर, वडवणी, केज, पाटोदा हे तालुके अवर्षणप्रवण आहेत. पश्चिम महाराष्ट्रात सहकारी साखर कारखानदारी विस्तारली तशी तोडणी मजुरांची मागणी वाढली आणि १९७२ च्या दुष्काळानंतर येथील हंगामी स्थलांतराला वेग आला. हा मजूर भूमिहीनच असतो असे नव्हे. अनेकांकडे थोडीफार कोरडवाहू जमीन असते. त्यामुळे गावात तो स्वतःला शेतकरी म्हणवितो, फडात मात्र कोयता ठरतो.

मुळात ‘कोयता’ ही संज्ञा हिशेबाची आहे. पती-पत्नी मिळून एक कोयता. एकटा मजूर अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती जोडीला, आणि ती सामान्यतः पुरुषाच्या हाती पडते. मोळ्या बांधून डोक्यावरून वाहनापर्यंत नेणारी, शिवाय कोपीवरचा स्वयंपाक व लेकरे सांभाळणारी स्त्री हिशेबाच्या वहीत स्वतंत्रपणे येतच नाही. ही केवळ भाषेची बाब नव्हे. खाडा झाल्यास दंड जोडीला बसतो. परिणामी पाळी, बाळंतपण वा आजारपणातही विसावा परवडत नाही. २०१९ मध्ये शासननियुक्त समितीसमोर आलेल्या पाहणीनुसार जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. त्यामागील कारणे अनेक असली, तरी कामाची ही रचना वगळून त्यांचा विचार करता येत नाही.

पुढे संघटनांनी ‘ऊसतोड कामगार’ ही संज्ञा रूढ केली. ‘कामगार’ म्हटले की मालक कोण, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. कारखाना तर मुकादमाकडे बोट दाखवितो. तथापि जुना शब्द लोपला नाही. ‘कोयता बंद’ ही संपाची घोषणा झाली, आणि जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. हिणवण्यासाठी वापरला जाणारा ‘चिकानो’ हा शब्द १९६० च्या दशकात मेक्सिकन-अमेरिकन तरुणांनी अभिमानाने स्वीकारला, त्याच्याशी याचे काहीसे साम्य दिसते.

२०२१ मध्ये ग्रामसेवकामार्फत नोंदणी करून ऊसतोड कामगारांना ओळखपत्र देण्याचा शासननिर्णय झाला. ओळखपत्र व्यक्तीला मिळते. उचल मात्र आजही जोडीच्याच नावे लिहिली जाते.