गोळीचा कागद आणि शेकडो माणसांचा श्वास

२०१६ चा मे महिना. तालुक्याच्या गावातलं जुनं एकपडदा थिएटर, रात्रीचा शेवटचा खेळ, ‘सैराट’. ‘झिंगाट’ लागलं तसा बाल्कनीपासून पहिल्या रांगेपर्यंत एकही माणूस खुर्चीत राहिला नाही. शिट्ट्या, टाळ्या, पडद्यासमोरच्या मोकळ्या जागेत नाचणारी पोरं, बापाच्या खांद्यावर बसून हात उडवणारी लहानगी. मीही उभा होतो. त्या दणदणाटाचा मला काडीचाही त्रास झाला नाही.

मग शेवट आला. दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी त्या अखेरच्या क्षणांतला आवाजच काढून घेतला आहे. पडद्यावर एक चिमुकलं पोर रडत बाहेर येतं आणि त्याचं रडणं आपल्याला ऐकू येत नाही. मघाशी नाचणारं तेच थिएटर आता गोठलं होतं. छताच्या पंख्यांची घरघर तेवढी चालू होती. आणि त्या शांततेत माझ्या मागच्या रांगेत कुणीतरी गोळीचा कागद उलगडायला घेतला. बिचारा अगदी हळूहळू उलगडत होता, कुणाला त्रास होऊ नये म्हणून. कर्र... टक्... कर्र... टक्. दोन सेकंदांचं काम त्याने पाऊण मिनिट पुरवलं. तो कागद मला आजही ऐकू येतो.

शेकडो माणसांचा आरडाओरडा चालतो आणि बोटभर कागद चालत नाही, हे कसं? थिएटरात कसं वागावं याबद्दल आपण नेहमी शिस्तीच्या आणि संस्कारांच्या भाषेत बोलतो. पण या प्रश्नाचा माग काढत गेलो तेव्हा भौतिकशास्त्र, डोळा, मेंदू आणि चक्क श्वासातली रसायनं अशी एकामागून एक दारं उघडत गेली. प्रत्येक दारामागे एकच गोष्ट सापडली: थिएटरातला अंधार आणि शांतता या वस्तू आहेत, आणि त्या आपण सगळे मिळून तयार करतो.

आधी कागदाचंच घेऊ. एरिक क्रेमर नावाच्या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने चुरगळलेल्या कागदाच्या आवाजावर काम केलं आणि २००० साली ध्वनिशास्त्रज्ञांच्या परिषदेत गोळीच्या वेष्टनाबद्दलचे निष्कर्ष मांडले. आपल्याला जी सलग करकर ऐकू येते ती सलग नसतेच. ती असते सुट्या, अतिसूक्ष्म ‘टक्’ आवाजांची माळ. एकेक टक् सेकंदाच्या काही हजाराव्या भागात संपतो. डब्याचं पातळ पत्र्याचं झाकण मधोमध अंगठ्याने दाबलं की ते एकदम आत जातं आणि टक् वाजतं. बोट काढलं की परत बाहेर येतं. चुरगळलेल्या वेष्टनावर अशी शेकडो इवलीशी झाकणं असतात. प्रत्येक घडी एका आकारात अडकून बसलेली असते. आपण ताण दिला की ती एका आकारातून दुसऱ्या आकारात उडी मारते, आणि त्या उडीचा आवाज होतो.

आता यातली गंमत पाहा. आपण कितीही हळू उलगडलं तरी उडी हळू होत नाही. घडी सुटते तेव्हा ती तिच्या वेगानेच सुटते, म्हणून प्रत्येक टक् तेवढ्याच जोराचा असतो. हळू उलगडल्याने दोन टक्‌मधलं अंतर वाढतं, बस. म्हणजे माझ्या मागच्या त्या सज्जन माणसाने आवाज जराही कमी केला नव्हता, फक्त तो लांबवला होता. घरी शांत खोलीत करून पाहा: एक गोळी झटकन उघडा, दुसरी जपून. कान लगेच निकाल देतील.

दुसरं दार अंधाराचं. खेळ बघायला अंधारात बसायचं ही रीत फार जुनी नाही. युरोपातली नाट्यगृहं पूर्वी खेळ चालू असतानाही उजळलेली असत. लोक रंगमंचाइतकेच एकमेकांकडे बघत. जर्मनीतल्या बायरॉइथ इथे १८७६ साली संगीतकार रिचर्ड वाग्नरने आपलं नाट्यगृह उघडलं, त्यात वाद्यवृंद मंचाखालच्या खोलगट जागेत लपवला आणि प्रेक्षागृह अंधारात बुडवलं. हेतू एकच, नजरेला जायला दुसरी जागा उरू नये. वीसच वर्षांनी, ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. सिनेमाला तर अंधाराशिवाय गत्यंतरच नव्हतं, कारण सिनेमा म्हणजे मुळात पडद्यावरून उसळून आलेला उजेड.

तो उजेड किती असतो? डिजिटल सिनेमाच्या मानकाप्रमाणे पडद्यावरचा शुभ्र पांढरा रंग एका चौरस मीटरला ४८ कँडेला इतका उजळ असावा लागतो. ही झाली कमाल मर्यादा. रात्रीच्या प्रसंगात पडदा याच्या कितीतरी खाली असतो. आणि हातातला फोन? पूर्ण उजेडावर ठेवला तर चारशे-पाचशे कँडेला सहज गाठतो. म्हणजे आपल्या पुढच्या रांगेत ‘फक्त वेळ बघणारा’ माणूस सिनेमाच्या सर्वांत झगझगीत पांढऱ्याच्या दहापट तेजाची खिडकी उघडत असतो.

त्यात आपल्या डोळ्याची रचना अशी की ही खिडकी टाळता येत नाही. डोळ्याच्या पडद्यावर दोन तऱ्हेच्या पेशी असतात. शंक्वाकार पेशी साधारण ६० लाख. त्या मध्यभागी दाटीने असतात आणि रंग, बारकावे टिपतात. दंडाकार पेशी सुमारे १२ कोटी. त्या अंधुक उजेडासाठी असतात. दृष्टीच्या ऐन केंद्रबिंदूत त्या नसतातच, त्यांची गर्दी असते बाजूला. रात्री एखादी अंधुक चांदणी थेट बघितली की नाहीशी होते आणि किंचित बाजूला बघितलं की दिसते, ते यामुळेच. या पेशींमधलं ऱ्होडोप्सिन नावाचं रंगद्रव्य उजेड पडला की मोडतं आणि अंधारात हळूहळू पुन्हा घडतं. पूर्ण अंधाराला सरावायला डोळ्याला अर्धा तास तरी लागतो. थिएटरात पडद्याचा उजेड असल्याने तो सराव पुरा होत नाही, पण जेवढा होतो तेवढ्यावरच काळोख्या प्रसंगातल्या सावल्या, खोलीच्या कोपऱ्यात उभं असलेलं माणूस, डोळ्यांतलं पाणी आपल्याला दिसतं. शिवाय डोळ्याची कड हालचाल आणि लुकलुक पकडण्यात तरबेज असते. कडेला काही चमकलं की लक्ष तिकडे ओढलं जातं. ते आपल्या इच्छेला विचारून होत नाही. त्यामुळे ‘तुम्ही तुमचा सिनेमा बघा ना, माझ्या फोनकडे कशाला बघता’ हे उत्तर माणसाचा डोळा जुमानत नाही.

तिसरं दार मला सर्वांत थक्क करून गेलं. शेजारी दोघं बोलत असतील तर ते एक वेळ मागे ढकलता येतं, पण कुणी फोनवर बोलत असेल तर डोकं उठतं. २०१० साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात लॉरेन एम्बरसन आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं. लक्ष एकवटून करायची कामं लोकांना दिली आणि पार्श्वभूमीला कधी दोघांचं पूर्ण संभाषण ऐकवलं, कधी एकाच माणसाचं सलग बोलणं, कधी फोनवरच्या संभाषणाची एकच बाजू. काम बिघडलं ते या शेवटच्या प्रकारात. कारण मेंदू ऐकता ऐकता पुढचा शब्द ओळखत असतो. पूर्ण संभाषणात त्याचे अंदाज जुळत जातात आणि तो निवांत राहतो. अर्ध्या संभाषणात, ‘हां... नाही नाही... अरे मग तिला सांग ना... कधी?’ यातल्या प्रत्येक गाळलेल्या जागेत मेंदू खड्ड्यात पाय पडावा तसा अडखळतो. त्याच बोलण्यातले शब्द कळणार नाहीत असं करून तोच आवाज ऐकवला तेव्हा त्रास नाहीसा झाला. म्हणजे प्रश्न मोठ्या आवाजाचा नव्हताच. ‘मी हळूच बोलतोय’ म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. पण त्याच्या आसपासचे दहा मेंदू त्याच्या बायकोची, साहेबाची, दुधवाल्याची उत्तरं नकळत रचत असतात आणि तेवढा वेळ पडद्यावरची गोष्ट त्यांच्या हातून निसटत असते.

आणि ही गोष्ट निसटते म्हणजे काय निसटतं, ते कळलं की अंगावर काटा येतो. मेंदूशास्त्रज्ञ उरी हॅसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये एकेकटं झोपवून सिनेमे दाखवले आणि २००८ साली आकडे मांडले. न्यूयॉर्कच्या एका बागेत नुसता कॅमेरा लावून केलेलं चित्रण बघताना वेगवेगळ्या प्रेक्षकांच्या मेंदूच्या बाह्यकाचा पाच टक्क्यांहून कमी भाग एका चालीने चालत होता. आल्फ्रेड हिचकॉकने टेलिव्हिजनसाठी केलेली एक थरारकथा बघताना हे प्रमाण ६५ टक्क्यांवर गेलं. एकमेकांना कधी न भेटलेली माणसं, आणि त्यांच्या मेंदूचा अर्ध्याहून मोठा भाग क्षणाक्षणाला सारखा चढतो, सारखा उतरतो. दिग्दर्शक जे करतो ते हेच: अनोळखी डोक्यांना एका लयीत आणतो.

ही लय हवेतसुद्धा सापडते. जर्मनीतल्या माइन्त्स शहरात माक्स प्लांक रसायनशास्त्र संस्थेच्या जोनाथन विल्यम्स यांच्या गटाने एका चित्रपटगृहातून बाहेर पडणारी हवा मोजायला उपकरण लावलं. १६ चित्रपट, १०८ खेळ, साडेनऊ हजारांच्या आसपास प्रेक्षक. २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ‘हंगर गेम्स’च्या दुसऱ्या भागात उत्कंठेचा प्रसंग आला की हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि आयसोप्रीन नावाचं रसायन एकदम वाढत होतं. वेगळा दिवस, वेगळे प्रेक्षक, तरी पुन्हा त्याच प्रसंगाला. आयसोप्रीन आपल्या स्नायूंत साठतं आणि स्नायू आक्रसले की श्वासावाटे बाहेर पडतं. आपण खुर्चीत सावरून बसतो, मुठी आवळतो, श्वास रोखतो, सोडतो, आणि या सगळ्याची नोंद थिएटरच्या हवेत होते. ‘सगळ्या थिएटरने श्वास रोखला’ हे वाक्य मी आजवर अलंकार म्हणून लिहीत आलो. ते अक्षरशः खरं आहे.

इथे मला माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर मिळालं. गोंगाट म्हणजे असभ्यपणा नव्हे. संगीत नाटकाच्या काळात आपले प्रेक्षक भर प्रयोगात ‘वन्समोअर’ची आरोळी ठोकत आणि नट तेच पद पुन्हा गात. १९७५ साली ‘जय संतोषी माँ’ लागला तेव्हा लोक पादत्राणं बाहेर काढून थिएटरात शिरत आणि पडद्यावर फुलं, नाणी उधळत. ‘झिंगाट’वर नाचणारी आमच्या गावची पोरंही त्याच कुळातली. हा सगळा आवाज पडद्याच्या दिशेने जातो. तो त्या सामायिक लयीत भर घालतो, म्हणून कानाला टोचत नाही. टोचतो तो आवाज जो पडद्याकडे पाठ फिरवतो, मग तो पुटपुटण्याइतका बारीक का असेना. आणि हाच नियम उलटही लागू आहे: ज्या क्षणी पडदा शांतता मागतो, त्या क्षणी वाजवलेली शिट्टीसुद्धा पाठच फिरवते.

शेजाऱ्यांचा त्रास मुळातच नको म्हणून एका कलावंताने टोकाचा उपायही करून पाहिला होता. पीटर कुबेल्का या ऑस्ट्रियन चित्रपटकाराने १९७० साली न्यूयॉर्कमध्ये ‘अदृश्य चित्रपटगृह’ उभारलं. आतून सगळं काळं, आणि प्रत्येक खुर्चीच्या दोन्ही बाजूंना आडोसा व डोक्यावर टोप, जेणेकरून शेजारचा माणूस दिसू नये, ऐकू येऊ नये. ते १९७४ साली बंद झालं. कुबेल्काचं दुःख मला कळतं. पण मला तो आडोसा नको. ‘सैराट’च्या शेवटी माझ्या शेजारचा अनोळखी म्हातारा धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होता, ते मला दिसायला हवं होतं. त्याचं रडू माझ्या रडण्याला धीर देत होतं. त्यासाठीच तर घर सोडून, तिकीट काढून आपण परक्या माणसांत जाऊन बसतो.

म्हणून पुढच्या वेळी थिएटरात जाल तेव्हा एवढं कराच. फोन बंद करून खिशात ठेवा, नुसता मूक नको, कारण उजेडाला आवाज लागत नाही. उशीर झाला तर वाकून जा आणि खुर्ची चाचपून शोधा, टॉर्च मारत नको. बोलणं खरंच निकडीचं असेल तर बाहेर जाऊन बोला. सिनेमा तुमचा पाच मिनिटांचा बुडेल, शंभर जणांचा वाचेल. बाळ रडलं तर त्याच्या आईकडे रागाने बघू नका, तिला वाट करून द्या. आणि गोळी खायचीच असेल तर दिवे असताना कागद काढून ठेवा. विसरलात, तर गाणं किंवा मारामारी लागेपर्यंत थांबा आणि एका झटक्यात उघडा.