जिवाणूंची कणगी

फ्लास्कमधलं द्रावण कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं आणि वास काकवीचा. साखर कारखान्यातली उसाची मळी पाण्यात मिसळून, गाळून, १२१ अंश सेल्सिअसला निर्जंतुक केलेली. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत संशोधन करणाऱ्या ताईंनी तिच्यात बॅसिलस मेगाटेरियम हे मातीतले जिवाणू सोडले आणि फ्लास्क ३० अंशांना शेकरवर फिरत ठेवला.

एक गोष्ट त्यांनी मुद्दाम कमी ठेवली होती : नायट्रोजन. तो संपला की जिवाणूंना नवी प्रथिनं करता येत नाहीत, वाढ खुंटते. साखर मात्र भरपूर उरलेली असते. मग ते तिच्यातल्या कार्बनची बेगमी करतात, आपण कणगीत ज्वारी भरतो तशी. ही बेगमी म्हणजे पीएचबी (पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट), एक नैसर्गिक पॉलिएस्टर, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिकच. मॉरिस लेम्वान यांनी फ्रान्समधल्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये १९२६ साली ते याच जिवाणूत शोधलं.

दोन दिवसांनी ताईंनी एक थेंब काचपट्टीवर पसरून सुदान ब्लॅकनं रंगवला. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर गुलाबी पेशींत काळेनिळे कण दाटीवाटीनं बसलेले. भरलेल्या कणग्याच त्या!

पुढचं काम चिकाटीचं. सेंट्रिफ्यूजमध्ये पेशी खाली बसवायच्या, हायपोक्लोराइटनं त्यांची भिंत फोडायची, क्लोरोफॉर्ममध्ये पीएचबी विरघळवायचं. ते द्रावण धूरकपाटातल्या काचेच्या बशीत ओतलं. क्लोरोफॉर्म उडून गेल्यावर तळाशी पांढुरका पापुद्रा राहिला. सगळा मिळून एक ग्रॅमही नव्हता. मी तो वाकवला आणि तो कडकन मोडला. निव्वळ पीएचबी ठिसूळच असतं. म्हणून जिवाणूंच्या खाद्यात बदल करून त्याच्या साखळीत व्हॅलरेट या दुसऱ्या घटकाचे दुवे गुंफतात, मग ते लवचीक होतं. अशा प्लास्टिकच्या बाटल्यांतून १९९० साली जर्मनीत शॅम्पू विकला गेला होता. पण आजही ते साध्या प्लास्टिकहून महाग पडतं. मळीसारखा स्वस्त कच्चा माल आणि क्लोरोफॉर्मशिवाय पीएचबी वेगळं करण्याची रीत, ताईंची सारी धडपड या दोन गोष्टींसाठी आहे.

मोडलेला एक तुकडा आम्ही कुंडीतल्या ओल्या मातीत पुरला. सात आठवड्यांनी उकरला, तेव्हा त्याच्या कडा कुरतडलेल्या होत्या, मध्ये भोकं पडली होती. एका जिवाणूनं साठवलेलं अन्न मातीतल्या दुसऱ्यांना खाता येतं. उरलेला तुकडा मी परत मातीत ठेवला आणि वर पाणी शिंपडलं.