विमानाच्या वहीतली सही

वैमानिक विमानात चढण्याआधी एका वहीत सही करतो. भारतीय हवाई दलात या वहीला ‘फॉर्म ७००’ म्हणतात आणि प्रत्येक विमानाची ती स्वतंत्र असते. काल काय बिघडलं, ते कुणी दुरुस्त केलं, कोणता भाग काढून कोणता बसवला, इंधन किती भरलं, सगळी नोंद त्यात असते आणि प्रत्येक नोंदीपुढे काम करणाऱ्याची सही. सर्वांत शेवटी वैमानिकाची सही होते आणि विमान त्याच्या ताब्यात जातं. तोवर ते मेकॅनिकचं असतं. ध्वनीपेक्षा वेगात जाणाऱ्या यंत्रात बसायला निघालेला माणूस त्यातला एकही बोल्ट स्वतः आवळून पाहत नाही, पाहूही शकत नाही. तो सह्या पाहतो. मला या व्यवसायाचा सगळा गाभा तिथेच दिसतो.

आपण सरसकट ‘मेकॅनिक’ म्हणतो, पण विमानाभोवती उभी असलेली माणसं वेगवेगळ्या ट्रेडची असतात. सांगाडा आणि पत्रा एकाकडे, इंजिन दुसऱ्याकडे, वीज, उपकरणं, रडार, शस्त्रं आणखी कुणाकुणाकडे. यातल्या बहुतेकांनी वायुसैनिक म्हणून पहिलं पाऊल टाकलेलं असतं ते बेळगावजवळच्या सांबऱ्याला. सकाळच्या उड्डाणासाठी त्यांचं काम पहाटेच्या अंधारात सुरू होतं. टायरचा दाब, हायड्रॉलिक तेलाची पातळी, हवा आत घेणाऱ्या तोंडाची टॉर्च लावून पाहणी. मग वैमानिक येतो. त्याचे पट्टे आवळायला मदत करायची आणि इजेक्शन सीटच्या सेफ्टी पिना काढायच्या. त्या सीटखाली स्फोटकं असतात. पिन राहिली तर संकटात सीट उडणार नाही आणि पिन नसताना कुणाचा चुकून हात लागला तर हँगरमध्येच माणूस जाईल. म्हणून पिनांना लाल फिती बांधलेल्या असतात. पिना काढल्यावर वैमानिकाला दाखवायच्या, दोघांनी मोजायच्या.

हाताच्या कामातली एक गोष्ट मला फार आवडते, ती म्हणजे लॉकिंग वायर. इंजिनाच्या थरथरीने बोल्ट सैल होऊ नये म्हणून त्याच्या डोक्याच्या भोकातून बारीक तार ओवतात, तिला पीळ देतात आणि शेजारच्या बोल्टला बांधतात. पीळ किती घट्ट, याचं माप ठरलेलं असतं. पण खरी मेख आहे ती दिशेत. तार अशी ओढून बांधायची की बोल्ट सुटायला लागला तर तार आणखी ताणली जावी आणि तिने त्याला आवळायच्या बाजूला खेचावं. उलट बांधली तरी दिसायला ती तितकीच नीटनेटकी दिसते, फक्त उपयोगाची नसते. शिकाऊ पोरांची बोटं या तारेच्या टोकांनी सोलवटून निघतात.

दुसरी शिस्त हत्यारांची. फळीवर प्रत्येक पान्याच्या आकाराची जागा रंगवलेली असते आणि प्रत्येक पान्यावर नंबर कोरलेला असतो. काम संपल्यावर फळीवरचा एक जरी आकार रिकामा दिसला तर विमान जागचं हलत नाही. जेट इंजिन भोवतालची हवा प्रचंड जोराने ओढतं आणि तिच्याबरोबर खडा, वॉशर, तारेचा तुकडा जे मिळेल ते गिळतं. आतली पाती मिनिटाला हजारो फेरे घेत असतात. एवढासा तुकडा इंजिनाची वाट लावतो. म्हणूनच विमानतळावर अधिकारी, वायुसैनिक सगळे रांगेत उभे राहून खाली माना घालून कचरा वेचत चालतात. मिग-२९ जमिनीवर असताना हवेचं मुख्य तोंड झडपेने बंद करून वरच्या फटींतून श्वास घेतं, सुखोई-३० च्या तोंडात जाळी येते. यंत्र बनवणाऱ्यांनीही या तुकड्याचा एवढा धसका घेतला आहे.

आता एक गोष्ट, जी प्रत्येक मेकॅनिकला ठाऊक असायला हवी. ३० मे १९९५. जर्मनीतल्या स्पँगडालेम तळावरून अमेरिकी हवाई दलाच्या एफ-१५ विमानाने उड्डाण केलं, लगेच ते वैमानिकाच्या ताब्यातून गेलं आणि कोसळलं. वैमानिक ठार झाला. विमानाचं नियंत्रण करणारे दोन दांडे दुरुस्तीत एकमेकांच्या जागी जोडले गेले होते. एकाने काम केलं होतं, दुसऱ्याने तपासून सही दिली होती. दोघांवर लष्करी खटला उभा राहिला आणि १९९६ मध्ये तो सुरू होण्याआधीच त्यातल्या एकाने आत्महत्या केली.

चूक त्यांची होती, हे खरंच. पण ते दांडे इतके सारखे होते की उलटसुलट कसेही बसत. ही अदलाबदल आधीही झालेली होती; तेव्हा ती उड्डाणापूर्वी ध्यानात आली, एवढंच. जो भाग चुकीच्या जागी बसूच शकतो तो कधीतरी, कुणाच्या तरी हातून, पाळीच्या शेवटी चुकीच्या जागी बसणार. मग एका सहीला सगळा भार वाहायला लावणं मला अन्यायाचं वाटतं. आकार वेगळा करा, जोड असा करा की दुसरीकडे बसणारच नाही, हे काम आराखडा काढणाऱ्यांचं आहे. आणि पहिल्यांदा अदलाबदल झाली तेव्हाच ती सगळीकडे कळवायला हवी होती.

न लिहिलेल्या शहाणपणाने काय होतं, तेही पाहा. २३ फेब्रुवारी २००८ रोजी ग्वाम बेटावर बी-२ हे अब्जावधींचं बॉम्बर विमान उड्डाणाच्या क्षणीच पडलं. हवेचा दाब मोजणाऱ्या संवेदकांत ओल शिरली होती, त्या ओलीसकट त्यांचं प्रमाणीकरण झालं आणि संगणकाने खोट्या आकड्यांवर विश्वास ठेवला. आधी संवेदक तापवून ओल घालवायची युक्ती काही तंत्रज्ञांना माहीत होती. पण ती रीतसर सूचना म्हणून सर्वांपर्यंत पोचलेली नव्हती. दोघे वैमानिक वाचले.

आपल्याकडे या माणसांचा इतिहास हवाई दलाइतकाच जुना आहे. १ एप्रिल १९३३ ला कराचीच्या ड्रिग रोडवर पहिली स्क्वॉड्रन उभी राहिली, तेव्हा चार वापिती विमानं होती आणि सहा अधिकाऱ्यांबरोबर १९ ‘हवाई सिपाही’, म्हणजे वायुसैनिक. हरजिंदर सिंग हे इंजिनिअरिंग शिकलेले तरुण त्या काळात असेच हवाई सिपाही म्हणून भरती झाले आणि पुढे एअर व्हाइस मार्शल झाले. हवाई दलाच्या विमानांची दुरुस्ती सांभाळणाऱ्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आज नागपूरच्या वायुसेनानगरात आहे.

स्वातंत्र्यानंतरची एक हकिकत मात्र पुन्हा पुन्हा सांगावी अशी आहे. महायुद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी लिबरेटर जातीची बॉम्बफेकी विमानं कानपूरला टाकून दिली होती, तीही कुणाला वापरता येऊ नयेत म्हणून मुद्दाम मोडतोड करून. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टची माणसं त्या भंगारात उतरली. एकाचे भाग काढून दुसऱ्याला लावत त्यांनी ती उडण्याजोगी केली आणि चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती कानपूरहून बंगळूरला नेली. अशी ४२ लिबरेटर विमानं पुन्हा उभी राहिली आणि भारताची पहिली जड बॉम्बर स्क्वॉड्रन त्यांच्यावर सुरू झाली. १९६८ पर्यंत ती सेवेत होती. मुन्शींचं धाडस मोठंच. पण ते ज्या जोडकामाच्या भरवशावर त्या कॉकपिटमध्ये बसले, ते करणाऱ्या बहुतेकांची नावं आपल्याला माहीत नाहीत, ही गोष्ट मला सलते.

नाशिकजवळच्या ओझरला असं जोडकाम आजही चालतं. तिथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा मिगचा कारखाना १९६४ मध्ये आला आणि पुढे हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपो. ठरावीक तास उडालेलं मिग-२९ किंवा सुखोई-३० डेपोत येतं तेव्हा ते पार हाडापर्यंत उघडलं जातं. पॅनेल निघतात, तारांचे जुडगे मोकळे होतात, पत्र्याला कुठे केसाएवढी भेग गेली आहे का ते शोधलं जातं. मग सगळं उलट्या क्रमाने परत जोडायचं. २०२४ च्या मार्चमध्ये राष्ट्रपतींनी या डेपोला ‘प्रेसिडेंट्स कलर्स’ हा सन्मान दिला.

गोव्यात नौदलाच्या तळावर शत्रू वेगळा असतो. समुद्राचं मीठ. वारा ते सांध्यासांध्यांत नेऊन बसवतो आणि ॲल्युमिनियम आतून भुसभुशीत होतं. त्यावर गोड्या पाण्याने विमान धुणं हाच साधा, कंटाळवाणा आणि न चुकवता येणारा उपाय आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ ने निरोप घेतला. १९६३ पासून, बासष्ट वर्षं. त्या विमानाच्या अपघातांत अनेक वैमानिक गेले आणि त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं. त्याच बासष्ट वर्षांत रोज पहाटे कुणीतरी त्याच्या तोंडात टॉर्च घालून वाकून पाहत होतं. विमान परतलं की पिना परत खोचून, रनवेवरून गोळा करून आणलेलं ब्रेकचं पॅराशूट झटकून पुन्हा घडी घालत होतं. वैमानिक वहीत बिघाड लिहून निघून जायचा. खालची ओळ रिकामी असायची.