चालतंय की!

सेंगकांग या चिनी नावाचा अर्थ ‘भरभराटीचं बंदर’. प्रत्यक्षात आमच्या सेंगकांगला बंदर नाही. वस्त्यांना अँकरव्हेल, रिव्हरव्हेल, कंपासव्हेल अशी खलाशांना शोभणारी नावं तेवढी आहेत. शेजारच्या सुंगेई पुंगोल आणि सुंगेई सेरांगून या दोन नद्यांची मुखं बांधून २०११ साली त्यांचे गोड्या पाण्याचे जलाशय झाले. त्यामुळे खारं पाणी अंगावर घ्यायचं तर पुंगोलच्या टोकाला, जोहोरच्या सामुद्रधुनीवर जावं लागतं. तिथल्या एका मरिनात आमची, म्हणजे आम्हा तीन मित्रांच्या भागीदारीतली, जुनी वॉटर स्कूटर उभी असते. सगळे तिला ‘जेट स्की’ म्हणतात. खरं तर ते कावासाकी कंपनीचं व्यापारी नाव, पण डालडासारखं सगळ्यांनाच चिकटलं.

आम्ही तिघेही इंजिनियर. कोणी मेकॅनिकल, कोणी केमिकल, पण पंपाशी प्रत्येकाचा संबंध आलेला. म्हणूनच पुढची हकीकत सांगायला जरा लाज वाटते.

रात्रभर पाऊस पडून गेल्यानंतरचा रविवार होता. अशा वेळी सामुद्रधुनीत फांद्या, फळकुटं, प्लॅस्टिकच्या पिशव्या, दोऱ्यांचे तुकडे असं काय काय तरंगत येतं. आमच्यातला एक जण गाडी चालवत असताना खालून ‘खड्’ असा आवाज आला. गाडी थरथरू लागली. इंजिनाचे फेरे वाढताहेत, आवाज चढतोय आणि वेग मात्र उतरतोय! इंजिन बंद करून, ओळखीच्या एका बोटीच्या मागे बांधून, हळूहळू काठाला आलो. गाडी ट्रेलरवर चढवून खाली वाकून पाहिलं, तर शाफ्टला नायलॉनच्या दोरीचे वेढे पडलेले आणि जाळीत लाकडाची एक ढलपी अडकलेली.

आता हा पंप असतो कसा ते थोडं सांगायला हवं. गावाकडच्या विहिरीवरचा किर्लोस्कर पंप आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. पाईपच्या तळाशी फुटव्हॉल्व्ह, त्याला जाळी, वर पंपाच्या पोटात फिरणारा इम्पेलर. जेट स्कीचं खानदान तेच. बुडाच्या जाळीतून पाणी आत येतं. इंजिनाच्या शाफ्टवरचा इम्पेलर ते मागे रेटतो. त्यामागे न फिरणारी पाती असतात, ती पाण्याचा पीळ काढून धार सरळ करतात. शेवटी तोंड निमुळतं होत गेल्यामुळे धारेचा वेग वाढतो. धार मागे, गाडी पुढे : न्यूटनचा तिसरा नियम. उथळ, दगडगोट्यांच्या नद्यांत पंखा मोडतो म्हणून न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी १९५०च्या दशकात अशा धारेवर चालणाऱ्या बोटी यशस्वी करून दाखवल्या. तीच युक्ती पुढे या दुचाकीसारख्या वाहनांत आली.

या पंपाचा सारा जीव एका फटीत असतो. इम्पेलरच्या पात्यांची टोकं आणि भोवतालचं कडं, म्हणजे वेअर रिंग, यांच्यात नव्या पंपात मिलिमीटरच्या काही दशांशांएवढीच जागा असते. ती वाढली की रेटलेलं पाणी फटीतून मागे पळतं. पात्याची कड चेपली तर आणखी एक भानगड होते. त्या जागी पाण्याचा दाब इतका उतरतो की पाणी थंड असतानाच उकळतं. बुडबुडे होतात, पुढे दाब वाढला की फुटतात आणि फुटताना धातूवर टोचे पाडतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. इम्पेलर मग पाण्याऐवजी फेस घुसळत बसतो.

हे सगळं आम्हाला ठाऊक होतं. तरीही आम्ही काय केलं? दोरी कापून काढली. टॉर्च मारला, तर दोन पात्यांच्या कडांना खाचा आणि कड्याला एक चर दिसला. पुढच्या रविवारी पाहुणे यायचे होते. नवीन कडं मागवायचं, पंप उतरवायचा, म्हणजे दोन-तीन आठवडे गेले. एकाने कानस काढली, हात जाईल तेवढ्या कडा घासल्या. काठाजवळ एक फेरी मारून पाहिली. गाडी पळाली. “चालतंय की!” आम्ही तिघेही एकमुखाने म्हणालो. फट मोजली नाही. कचेरीत हाताखालच्या माणसाने असा पंप ‘ठीक आहे’ म्हणून पुढे ढकलला असता, तर त्याला आम्ही चार शब्द सुनावले असते.

पुढच्या रविवारी मागच्या सीटवर आमच्यातल्या एकाचा बारा वर्षांचा मुलगा होता. लाईफ जॅकेट, परवाना, सगळं नियमाप्रमाणे. काठापासून बरंच आत गेल्यावर अर्धवट चिरलेल्या कड्याचा एक तुकडा सुटला. पुन्हा तोच चढा आवाज, तीच थरथर, मागे नुसता फेस. दूरवर एक टग बार्ज ओढत येत होता. अंतर पुष्कळ होतं, पण आम्ही नेमके त्याच्या वाटेवर. हँडल वळवलं, पण गाडी जवळजवळ जागची हलेना. मुलाने विचारलं, “काका, आपण वळत का नाही?”

या वाहनाला सुकाणू नसतं. वळते ती मागची धार. धार नाही, तर वळणं नाही. परीक्षेला बसताना हे घोकलेलं होतं, पण त्या क्षणी ते पोटातून कळलं. सुदैवाने एका बोटवाल्याने हात केलेला पाहिला आणि दोरी टाकली. टग बराच लांबून, आपल्या वाटेने निघून गेला. मुलगा मजेत होता. आम्ही तिघे त्या संध्याकाळी फारसं बोललो नाही.

मग दुरुस्ती रीतसर केली. बॅटरीची वायर आधी काढली, स्टार्टची किल्ली खिशात ठेवली. पंपात हात घालायच्या आधी हे दोन्ही केल्याशिवाय पुढे जायचं नाही. पंप उतरवून बादलीतून सेंगकांगच्या फ्लॅटवर आणला आणि सर्व्हिस यार्डात वर्तमानपत्रं अंथरून बसलो. फीलर गेज लावला, तर चराच्या जागी मिलिमीटरहून जास्त फट. मॅन्युअलमधल्या मर्यादेच्या बाहेर. इम्पेलर काढायला खास टूल लागतं, आणि आट्यांची दिशा कंपनीगणिक वेगळी असते. मॅन्युअल न पाहता जोर लावला तर उलटा आवळला जातो. मागच्या कोनातलं तेल पाहिलं. ते दुधाळ असतं तर सीलमधून पाणी शिरल्याची खूण, म्हणजे बेअरिंग आणि सीलही बदलावी लागली असती. आमचं तेल स्वच्छ निघालं.

आमचं कडं प्लॅस्टिकचं होतं, ते नवीन मागवलं. काही गाड्यांत ते स्टीलचं असतं. नवीन कडं घट्ट बसतं, म्हणून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलं. गारठ्याने किंचित आकसतं आणि सरळ आत जातं. “माझ्या मोदकांच्या नारळाशेजारी हे काय?” असा प्रश्न घरून आला, त्याचं उत्तर आम्ही अजून देतोय. इम्पेलरच्या बारीक खाचा या वेळी काढून, बाकावर ठेवून, सगळ्या पात्यांना सारख्या काढल्या. कड वाकलेली किंवा तडा गेलेला असता तर कानस चालली नसती. जाणकाराकडून पात्यांचा कोन नीट करून घ्यावा लागतो, नाहीतर नवाच घ्यावा लागतो. पंप आणि बुड यांच्यामधलं सीलही नवीन टाकलं. तिथून हवा शिरली तर विहिरीवरच्या पंपासारखाच हाही ‘हवा धरतो’. शाफ्टच्या दात्यांना ग्रीस, अल्युमिनियममध्ये बसणाऱ्या स्टीलच्या बोल्टांना खाऱ्या पाण्यात टिकणारं ग्रीस, आणि आवळणी अंदाजाने नाही, टॉर्क रेंचने.

ज्यांच्याकडे असं वाहन आहे, त्यांना अनुभवाचे चार शब्द. पावसानंतर पाणी गढूळ आणि कचऱ्याचं असेल तर निघूच नका. थरथर जाणवली तर ताबडतोब इंजिन बंद करा; बऱ्याच गाड्यांत इंजिन थंड ठेवणारं पाणीही याच पंपातून येतं, तेव्हा पंप तुंबला की इंजिन तापतं. गाडी पालथी झाली तर मागच्या लेबलावर दाखवलेल्या दिशेनेच सरळ करा. ओढून न्यायची वेळ आली तर अगदी हळू, नाहीतर पाणी इंजिनात चढू शकतं. आणि डिसेंबरच्या सुट्टीत मालवण-तारकर्लीला किंवा गोव्याला मुलांना भाड्याच्या गाडीवर बसवताना, इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला बांधलेली आहे ना, एवढं जरूर पाहा. पडल्यावर इंजिन बंद होतं ते तिच्यामुळे.

नवं कडं बसवून तिसऱ्या फेरीला गेलो, तेव्हा आधी आम्ही तिघांनीच बराच वेळ चालवून पाहिली. मग मुलगा बसला. निघण्यापूर्वी त्याने विचारलं, “काका, या वेळी मोजलंय ना?” मोजलं होतं, म्हणून मान वर करून उत्तर देता आलं.

मंडळातल्या कोणाला इम्पेलर काढायचं टूल हवं असेल तर खुशाल आमच्याकडून न्या. चहाही मिळेल. फक्त फ्रीजरमध्ये जागा मागू नका.