अंगणातला दिवा : कुठे लावावा, कसा लावावा?

आपल्यापैकी बहुतेकांचे एक घर शहरात आणि एक घर गावात असते. शहरातल्या खोलीत आपण राहतो. गावातल्या घरात आईवडील राहतात. रात्री फोन केला की पहिला प्रश्न असतो, "जेवलीस का?" आणि दुसरा, "लाईट आहे का?" हा दुसरा प्रश्न आपण सहज विचारतो, पण म्हाताऱ्या माणसांच्या दृष्टीने तो फार महत्त्वाचा असतो.

माझी आई लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी एकटी राहते. घर वस्तीच्या अगदी टोकाला. मागे ओढा, बाजूला गोठा, संडास घरापासून वीस-पंचवीस पावलांवर. एका रात्री गोठ्यातून दोन शेळ्या चोरीला गेल्या. आम्ही भाऊ सुटी काढून गावी गेलो आणि रागाच्या भरात बाजारातून शंभर वॅटचा मोठा फ्लडलाईट आणून दारावर ठोकला. संध्याकाळी बटण दाबले तर अंगणात दिवस उजाडल्यासारखे झाले. आम्हाला वाटले, काम फत्ते! परत मुंबईला आलो.

आठ दिवसांनी आईचा फोन आला. ती म्हणाली, "अरं, त्या दिव्यानं मलाच काही दिसंना. चोराला मातर मी चांगली दिसते."

आईच्या त्या एका वाक्यात या लेखाचे सगळे सार आहे. दिवा डोळ्यांवर मारला की बुबुळ आक्रसते आणि उजेडापलीकडची जागा अधिकच काळी दिसते. ओट्यावर उभ्या असलेल्या आईला गोठ्याची मागची बाजू दिसत नव्हती. अंधारात उभ्या असणाऱ्याला मात्र ओट्यावर कोण आहे, एकटे आहे की दुकटे, हे स्पष्ट दिसत होते. शेजारच्या मावशींच्या खिडकीतही रात्रभर झोत पडत होता, म्हणून त्याही नाराज. शेवटी आईने तो दिवा लावणेच बंद केले.

त्यानंतर पहिल्याच पावसात भावजयीने त्या दिव्याच्या लोखंडी पट्टीला हात लावला आणि तिच्या हाताला मुंग्या आल्या. पेटीत पाणी शिरले होते आणि अर्थिंग जोडलेलेच नव्हते. थोडक्यात निभावले. चूक आमचीच होती. म्हणून दुसऱ्या खेपेला काय केले, ते क्रमाने सांगतो.

आधी अंधार पाहा

दुकानात जाण्याआधी एका अमावस्येच्या रात्री घराभोवती फिरा. सोबत घरातल्या बाईमाणसांना घ्या, कारण रात्री कुठे जावे लागते आणि कुठे भीती वाटते, हे त्यांनाच ठाऊक असते. वहीत नकाशा काढा : दार, संडासाची वाट, पाण्याची टाकी, गोठा, घराची मागची भिंत. जिथे पाय पडतो तिथे उजेड आधी. जिथून कोणी येऊ शकते तिथे नंतर. बाकी अंगण अंधारात राहिले तरी चालते.

चोरापेक्षा सापाची भीती मोठी आहे, हेही विसरू नका. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिला आहे. यांतले बहुसंख्य मृत्यू खेड्यांतले होते. मण्यार आणि घोणस प्रामुख्याने रात्री फिरतात. म्हणून संडासाच्या वाटेवरचा लहान दिवा हा दारावरच्या मोठ्या दिव्यापेक्षा जास्त मोलाचा आहे.

दिवा कसा निवडावा?

वॅट म्हणजे उजेड नव्हे. वॅट म्हणजे विजेचा खर्च. उजेड ल्युमेनमध्ये मोजतात आणि तो आकडा खोक्यावर छापलेला असतो. नऊ वॅटचा एलईडी बल्ब साधारणपणे जुन्या साठ वॅटच्या बल्बएवढा उजेड देतो. घरगुती अंगणाला एवढा पुरतो.

दुसरी गोष्ट रंग. खोक्यावर ३००० के असेल तर उजेड पिवळसर, ६५०० के असेल तर पांढरा-निळसर. पांढऱ्या-निळसर उजेडावर किडे जास्त येतात. किड्यांमागे पाली-बेडूक येतात आणि त्यांच्यामागे साप येऊ शकतो. म्हणून दाराजवळ पिवळसर उजेडच बरा.

तिसरी गोष्ट पाणी. बाहेरच्या दिव्यावर 'आयपी' आणि पुढे दोन आकडे असतात. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी ६५ म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याची धार लागली तरी दिवा टिकतो. पावसात उघड्यावर लावायचा दिवा निदान एवढ्या दर्जाचा असावा. दुकानदार "वॉटरप्रूफ आहे" म्हणाला तरी आकडा स्वतः वाचा. भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह पाहा आणि पक्के बिल घ्या. बिलाशिवाय वॉरंटीचा काही उपयोग नाही.

सेन्सरचा दिवा

माणूस जवळ आला की आपोआप लागणारा दिवा आता तालुक्याच्या दुकानातही मिळतो. त्यातला सेन्सर अंगातून निघणाऱ्या उष्णतेतला बदल ओळखतो. चोराच्या तोंडावर अचानक उजेड पडतो आणि झोपलेल्या माणसालाही खिडकीतून कळते की बाहेर काहीतरी हालले.

तो सात-आठ फूट उंचीवर लावा. थेट समोरून येणाऱ्यापेक्षा आडवे चालणारे माणूस त्याला लवकर कळते. म्हणून वाट त्याच्या समोरून आडवी जाईल अशी जागा निवडा. त्याचे तोंड चुलीकडे, रस्त्याकडे किंवा हलणाऱ्या झाडाकडे करू नका. कुत्रे, शेळीसुद्धा त्याला चालू करतात, तेव्हा थोडे थोडे वळवून स्वतः चालून तपासा. मे महिन्यातल्या उकाड्यात हवा आणि अंग यांच्या उष्णतेत फारसा फरक राहत नाही, त्यामुळे सेन्सरची नजर थोडी कमी होते. दिवा बिघडला असे समजू नका.

सोलर की वायर?

गोठा दूर असेल, वायर नेणे अवघड असेल किंवा लाईट वारंवार जात असेल, तर सोलर दिवा उपयोगी. दिवा एकीकडे आणि पॅनेल वेगळे, असा घ्या, म्हणजे दिवा वळचणीखाली आणि पॅनेल छपरावर उन्हात ठेवता येते. पॅनेल दक्षिणेकडे थोडे तिरके बसवा. झाडाची सावली पडू देऊ नका. दर पंधरा दिवसांनी ओल्या फडक्याने पुसा. आषाढ-श्रावणात आभाळ भरले की सोलर दिवा पहाटेपर्यंत टिकेलच असे नाही. म्हणून मुख्य वाटेवर वायरचा आणि गोठ्यावर सोलरचा, अशी आम्ही विभागणी केली.

जिवाशी खेळ नको

येथे पैसे वाचवू नका. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या आणि या गोष्टी समोर उभे राहून पाहा :

- वायर तीन तारांची असावी आणि तिसरी तार अर्थिंगला जोडलेली असावी. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओतत जा.
- मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. करंट गळू लागला की तो क्षणार्धात वीज तोडतो.
- वायर पाइपातून न्यावी. कपडे वाळत घालायच्या तारेवरून किंवा पत्र्याला घासून नेऊ नये.
- दिव्यात शिरण्याआधी वायरला खाली झोल द्यावा, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाते, पेटीत शिरत नाही.
- बटण घराच्या आत, आईच्या खाटेजवळ असावे.

आकडा टाकून तर दिवा लावूच नये. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ती चोरी आहे आणि तिला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवासाची शिक्षा होऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे ओल्या बांबूने आकडा टाकताना माणूस जातो.

हिशोब

मी हिशोबाचा माणूस, म्हणून आकडे मांडतो. शंभर वॅटचा तो फ्लडलाईट बारा तास जळला तर रोज १.२ युनिट, महिन्याला ३६ युनिट. आता ओट्यावर पाच वॅटचा दिवा रात्रभर असतो : महिन्याला १.८ युनिट. संडासाच्या वाटेवर नऊ वॅटचा, लागेल तेव्हा दोन तास : अर्ध्या युनिटाच्या थोडे वर. मागच्या भिंतीवर वीस वॅटचे दोन सेन्सर दिवे, रोज प्रत्येकी तासभर धरले तरी १.२ युनिट. सेन्सरला चोवीस तास लागणारी किंचित वीज धरूनही सगळे मिळून साडेचार युनिटांच्या आत. गोठ्यावरच्या सोलरला बिल नाहीच. सगळ्या दिव्यांची तोंडे जमिनीकडे आहेत, त्यामुळे मावशींच्या खिडकीतला झोतही गेला.

दिवा एकटा पुरत नाही

गोठ्याला कुलूप हवेच. भिंतीला टेकून ठेवलेले सरपण आणि दगडांचा ढीग हलवायला हवा, कारण उंदीर आणि साप तिथेच राहतात. उजेड असला तरी पायात चप्पल आणि हातात बॅटरी हवी. झोपताना खाली न झोपता खाटेवर मच्छरदाणी लावून झोपावे. दंश झालाच तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता १०८ ला फोन करून सर्पदंशाची लस असलेल्या रुग्णालयात न्यावे.

आणखी एक. घराच्या कुंपणाबाहेर, वस्तीच्या रस्त्यावर दिवा लावणे हे ग्रामपंचायतीचे काम आहे. वस्तीच्या टोकाचा खांब वर्षानुवर्षे बंद असेल तर पाच-दहा घरांनी मिळून लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि ग्रामसभेत विषय मांडावा. एकट्याच्या तोंडी तक्रारीपेक्षा पोच असलेल्या कागदाला वजन जास्त असते, हे कारकून म्हणून मी अनुभवाने सांगतो.

पुढच्या सुटीत गावी जाल तेव्हा मुलांना घेऊन एक रात्र घराभोवती फिरा. मोठा दिवा आणून ठोकू नका. आईला विचारा, "रात्री तुला कुठं दिसत नाही?" ती जिथे बोट दाखवील, पहिला दिवा तिथे लावा.

परवा फोन केला तेव्हा मी नेहमीप्रमाणे विचारले, "लाईट आहे का?" आई म्हणाली, "लाईट गेलीय. पर गोठ्यावरचा चालू हाय. शेळी दिसतीय मला हितनं."