बशी उलटी करून पाहा!

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची ट्रंक निघाली, की पितळी डबे, समया आपण लगेच बाजूला ठेवतो. पण वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या जुन्या कपबश्या? ‘सेट कुठं पूर्ण आहे?’ म्हणत त्या सरळ भंगारात जातात. मैत्रिणींनो, देण्याआधी एकदा बशी उलटी करा. तळाशी इंग्रजीत ‘निप्पॉन’ किंवा ‘मेड इन जपान’ दिसतंय का?

हा शिक्का म्हणजे त्या भांड्याचा जन्मदाखलाच. १८९१ पासून अमेरिकेत परदेशी मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं, तेव्हा जपानी कारखाने ‘निप्पॉन’ लिहू लागले. १९२१ नंतर त्याजागी ‘जपान’ आलं. दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षं ‘ऑक्युपाइड जपान’ असाही शिक्का असे. १९५२ मध्ये तो थांबला.

हा माल आपल्याकडे आला तो कापसाच्या वाटेनं. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा जपानला गेले आणि तिथल्या कंपनीबरोबर मुंबई-कोबे जहाजसेवा सुरू झाली. इकडून कापसाच्या गाठी जाऊ लागल्या. पुढे पहिल्या महायुद्धात युरोपचा माल अडला आणि आपल्या बाजारात जपानी माल भरला. १८७७ पासून ‘जुनी मिल’चा भोंगा ऐकणाऱ्या सोलापूरला स्वस्त जपानी कापडाची स्पर्धा काय असते, हे वेगळं सांगायला नको!

आणखी एक आठवण आहे. जपाननं चीनवर हल्ला केल्यावर १९३७ मध्ये काँग्रेसनं जपानी मालावर बहिष्काराची हाक दिली. १९३८ मध्ये आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये जखमींच्या सेवेला गेले. १९४२ मध्ये तिथंच त्यांचा अंत झाला. भैया चौकातल्या त्यांच्या स्मारकावरून आपण किती वेळा जातो! मग जपानी बशी घरात ठेवावी का? ठेवावी. कोण्या अनाम कारागिरानं त्या फुलांवर जीव ओतला, युद्ध काही त्यानं केलं नाही. फक्त मुलांना दोन्ही गोष्टी सांगाव्यात.

हातानं रंगवलेली बशी ओळखायची कशी? भिंगातून बघा. छापील चित्रात बारीक ठिपके दिसतात, हातकामात कुंचल्याचे फटकारे. दोन बश्यांवरची फुलं हुबेहूब सारखी नसतात. काही कप उजेडासमोर धरले, की तळात बाईचा चेहरा उमटतो! मात्र ‘निप्पॉन’च्या नकलाही निघाल्यात, म्हणून नुसत्या शिक्क्यावर भुलू नका.

जपणूक सोपी आहे. टबात टॉवेल अंथरून कोमट पाण्यात एकेक भांडं धुवा. घासणी, चिंच, लिंबू नको, सोनेरी काठ जातो. मायक्रोवेव्ह तर नकोच. जुन्या रंगांत शिसं असू शकतं, म्हणून त्यात चहा-लोणचं न घेता ती शोभेलाच ठेवा.

अस्सल नमुने पाहून नजर तयार होते. हैदराबादचं सालारजंग संग्रहालय आपल्याला जवळचं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंचा संग्रह आहे.

एक काम मात्र आजच करा. ही बशी कुणाच्या रुखवतातली, कुणी आणली, हे आजींना, सासूबाईंना विचारा आणि चिठ्ठीवर लिहून कपात ठेवा. तुटलेला कान एकवेळ चिकटवता येतो. सांगणारं माणूस गेलं, की ती गोष्ट कुठून आणणार?